शहराचा लिलाव होत नसतो

१८ जुलै २०१३ रोजी दुपारी चारच्या सुमारास अमेरिकेतील डेट्रॉइट शहराने संघीय न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. त्याच वेळी मिशिगन राज्याच्या राजधानीत, लान्सिंगला, शहराच्या पेन्शनरांचे वकील राज्याच्या न्यायालयात दाद मागायला पोचले होते. शहराला असा अर्ज करू देऊ नये, ही त्यांची मागणी. शहराचा अर्ज काही मिनिटे आधी नोंदला गेला. मिशिगनच्या राज्यघटनेत सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शनला स्पष्ट संरक्षण आहे. संघीय दिवाळखोरी कायद्याला मात्र कोणत्याही देण्याला कात्री लावता येते. या दोहोंत कोणाचे चालणार, हे त्या दिवशी छातीठोकपणे कोणी सांगू शकत नव्हते. पण सुमारे १,८०० कोटी डॉलरच्या देण्याचा वाद कोणत्या न्यायाधीशापुढे आणि कोणत्या कायद्याखाली चालायचा, ते त्या काही मिनिटांत ठरून गेले.

डेट्रॉइटची तेव्हाची अवस्था अशी : रस्त्यावरचे सुमारे ४० टक्के दिवे बंद. तातडीच्या हाकेला पोलीस पोचायला, शहरानेच न्यायालयाला सांगितल्याप्रमाणे, सरासरी ५८ मिनिटे. १९५० साली साडेअठरा लाख असलेली लोकसंख्या सात लाखांवर आलेली. मोटारींचे कारखाने हलले, गोरा मध्यमवर्ग उपनगरांत गेला, करदाते पांगले. नळ, गटारे, रस्ते मात्र साडेअठरा लाखांच्या बेताचेच राहिले, आणि कामावर असलेल्या कर्मचाऱ्यांच्या जवळपास दुप्पट पेन्शनर शहराच्या तिजोरीकडे डोळे लावून होते.

अशा शहराला वकील काय देऊ शकतो, हा या पुस्तकाचा विषय आहे. कायद्याने तिजोरीत एका रुपयाची भर पडत नाही, ही गोष्ट आधीच मान्य करावी. तरीही माझे म्हणणे असे, की आर्थिक संकटातल्या शहराला पैशाइतकीच कायद्याच्या आधाराची गरज असते. देण्यांची रांग कोण लावणार, रांगेत नसलेल्यांच्या वतीने कोण बोलणार, आणि मागितले जाणारे देणे मुळात कायदेशीर आहे का, हे प्रश्न लेखापाल सोडवू शकत नाही. ते वेळेवर विचारले गेले नाहीत तर ज्याचा वकील मोठा, त्याचे देणे आधी फिटते. झाडूवाला, पेन्शनर आणि नळाला पाणी न येणारी वस्ती यांचा नंबर शेवटी लागतो.

कंपनी बुडाली तर तिची यंत्रे विकता येतात, जागा विकता येते आणि शेवटी दाराला कुलूप लावता येते. शहराला कुलूप लावता येत नाही. कर्ज कितीही थकलेले असो, दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सोडावेच लागते, कचरा उचलावाच लागतो. ही अडचण एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या न्यायालयांपुढे फार उघडीवाघडी येऊन उभी राहिली. आपल्या गावातून आगगाडी जावी म्हणून शेकडो गावांनी आणि काउंटींनी कर्जरोखे काढले. काही ठिकाणी आगगाडी आलीच नाही. रोखे मात्र बाजारात विकले गेले होते आणि रोखेधारक व्याज मागत होते. संघीय न्यायालये परमादेश काढत : कर बसवा, वसूल करा आणि पैसे द्या. मिसुरी राज्यात काही काउंटींचे निवडून आलेले कारभारी असा कर बसवण्याऐवजी तुरुंगात गेले. ज्या आगगाडीचा रूळही गावाने पाहिला नाही, तिच्यासाठी शेतकऱ्यावर कर लादायला त्यांचे मन तयार नव्हते. रोखेधारकही खोटे नव्हते. बहुतेकांनी भरवशाने पैसे गुंतवले होते. दोन्ही बाजू खऱ्या असल्या की नुसता हुकूम पुरत नाही.

टेनेसीतील मेम्फिसची गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते. १८७८ साली तिथे पीतज्वराची साथ आली, हजारो माणसे दगावली आणि ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. आधीच कर्जात बुडालेले शहर कोलमडले. १८७९ साली राज्याच्या विधिमंडळाने शहराची सनदच रद्द केली. कागदावर मेम्फिस नावाची नगरपालिका उरली नाही, उरला तो एक करवसुलीचा जिल्हा. धनको सर्वोच्च न्यायालयात गेले. १८८० साली मेरीवेदर विरुद्ध गॅरेट या खटल्यात न्यायालयाने सांगितले, की रस्ते, धक्के, आगीच्या बंबांची घरे ही जनतेच्या उपयोगासाठी धारण केलेली मालमत्ता आहे, ती कर्जापोटी विकता येणार नाही. आणि कर बसवणे हे विधिमंडळाचे काम आहे, न्यायालयाने नेमलेल्या माणसाचे नाही. मात्र सनद बदलून देणे झटकून टाकण्याची युक्तीही फार काळ चालली नाही. अलाबामातील मोबील शहराने तोच मार्ग धरला, तेव्हा त्याच न्यायालयाने १८८६ साली ठरवले, की जुन्या शहराच्या जागी आलेल्या नव्या संस्थेला जुने देणे चुकत नाही. शहर विकता येत नाही आणि ते देण्यातून पळूनही जाऊ शकत नाही, या दोन भिंतींच्या मध्ये पुढचा सगळा कायदा उभा राहिला.

महामंदीत हजारो स्थानिक संस्थांनी हप्ते थकवले. बहुतेक रोखेधारक तडजोडीला तयार असत, पण एखादा अडून बसे. बाकीच्यांनी सूट दिली की आपल्याला पूर्ण पैसे मिळतील, हा त्याचा हिशेब. तो एकदा यशस्वी झाला की सगळेच अडून बसत. अमेरिकेच्या घटनेप्रमाणे राज्ये करारांना बाधा आणू शकत नाहीत. दिवाळखोरीचा अधिकार संघीय संसदेकडे आहे. पण नगरपालिका ही राज्याची निर्मिती, तिच्या कारभारात संघाने हात घालायचा कसा? १९३४ साली संघीय संसदेने पहिला कायदा केला. १९३६ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो राज्यांच्या सार्वभौमत्वावरचे आक्रमण ठरवून रद्द केला. १९३७ साली सुधारून पुन्हा केला, आणि १९३८ साली कॅलिफोर्नियातील एका पाटबंधारे मंडळाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने तो वैध ठरवला. आज तो दिवाळखोरी संहितेचे नववे प्रकरण म्हणून ओळखला जातो.

या नवव्या प्रकरणाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. धनको शहराला दिवाळखोरीत ओढू शकत नाहीत. अर्ज शहरानेच करायचा. त्यासाठी राज्याने आपल्या कायद्याने तशी स्पष्ट परवानगी दिलेली असावी लागते, आणि कित्येक राज्यांनी ती दिलेली नाही. शहर खरोखर देणी भागवू शकत नाही हे सिद्ध करावे लागते आणि धनकोंशी सद्भावाने बोलणी केल्याचे, किंवा ती शक्य नसल्याचे, दाखवावे लागते. अर्ज होताच वसुलीचे दावे आणि जप्त्या थांबतात. कंपनीच्या दिवाळखोरीत न्यायालय विश्वस्त नेमू शकते. इथे ते शहराच्या राजकीय अधिकारात, मालमत्तेत किंवा महसुलात शहराच्या संमतीशिवाय ढवळाढवळ करू शकत नाही. देणी कशी फेडायची याची योजना फक्त शहरच मांडू शकते. न्यायाधीश ती मान्य करील किंवा नाकारील. म्हणजे शहराला उसंत मिळते, पण विचार शहरानेच करायचा असतो. नवव्या प्रकरणातले हे संयमाचे तत्त्व मला फार मोलाचे वाटते. निवडून दिलेली संस्था गरीब झाली म्हणून तिचे मत काढून घेतले जात नाही.

डेट्रॉइटमध्ये नेमके हेच तत्त्व वादात सापडले. अर्जाचा निर्णय निवडून आलेल्या महापौराचा नव्हता. मार्च २०१३ मध्ये गव्हर्नर रिक स्नायडर यांनी केविन ऑर या दिवाळखोरीतल्या अनुभवी वकिलाला शहराचा आणीबाणी व्यवस्थापक नेमले होते. अशा व्यवस्थापकांना व्यापक अधिकार देणारा २०११ चा कायदा मिशिगनच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये सार्वमताने रद्द केला होता. विधिमंडळाने महिन्याभरात जवळजवळ तसाच कायदा पुन्हा केला, आणि त्यात खर्चाची तरतूद घातली, कारण तशी तरतूद असलेल्या कायद्यावर त्या राज्यात सार्वमत मागता येत नाही. याच कायद्याखालच्या व्यवस्थापकाच्या काळात, एप्रिल २०१४ मध्ये, त्याच राज्यातल्या फ्लिंट शहराचा पाणीपुरवठा पैसे वाचवण्यासाठी फ्लिंट नदीवर नेण्यात आला आणि घराघरांत शिसेमिश्रित पाणी गेले. आकडे जुळवायला आलेल्या माणसाला उत्तर कोणाला द्यायचे हे कायद्याने सांगितले नाही, तर काय होते याचे याहून भयंकर उदाहरण माझ्या माहितीत नाही.

तरीही डेट्रॉइटच्या न्यायालयात जे घडले त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. न्यायाधीश स्टीव्हन ऱ्होड्स यांनी ३ डिसेंबर २०१३ रोजी शहराला पात्र ठरवले, आणि राज्यघटनेतले संरक्षण असले तरी संघीय दिवाळखोरीत पेन्शनला बाधा येऊ शकते, असा निर्णय दिला. पेन्शनरांना तो धक्का होता. पण याच न्यायाधीशांनी जानेवारी २०१४ मध्ये शहर आणि दोन बँकांमधली तडजोड फेटाळली. २००५ च्या सुमारास शहराने पेन्शन निधी भरण्यासाठी सुमारे १४० कोटी डॉलर उभे केले होते आणि त्यांच्या व्याजदरावर अदलाबदलीचे करार केले होते. दर उलटे फिरले आणि ते करार शहराच्या गळ्याशी आले. त्यांतून सुटण्यासाठी शहर १६.५ कोटी डॉलर द्यायला तयार झाले. ही रक्कम फार आहे, असे न्यायाधीश म्हणाले. पुढे ८.५ कोटींवर मिटले. त्याच जानेवारीत शहराने मूळ कर्ज उभारणीच बेकायदा असल्याचा दावाही लावला. कर्जमर्यादा ओलांडून, आडवळणाने घेतलेले पैसे शहरावर बंधनकारक आहेत का, हा प्रश्न नऊ वर्षे आधी विचारता आला असता. इंग्लंडमध्ये १९९१ साली उमरावांच्या सभागृहाने हॅमरस्मिथ आणि फुलहॅम परिषदेचे असेच व्याजदराचे करार अधिकारबाह्य ठरवले होते, तेव्हा धोक्याची घंटा आधीच वाजलेली होती.

मग आली चित्रांची गोष्ट. डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स या संग्रहालयातल्या कलाकृती शहराच्या मालकीच्या होत्या. त्यांत व्हॅन गॉगचे आत्मचित्र आहे आणि ब्रॉयगेलचा लग्नातला नाचही. क्रिस्टीज या लिलावसंस्थेने शहराच्या पैशातून घेतलेल्या कलाकृतींची किंमत सुमारे ४५ ते ८७ कोटी डॉलर काढली. चित्रे विका आणि आमचे पैसे द्या, असे काही धनकोंचे म्हणणे. त्यावर मध्यस्थ न्यायाधीश जेराल्ड रोझेन यांनी खाजगी प्रतिष्ठाने, राज्य सरकार आणि संग्रहालय यांना एका टेबलाशी आणले. प्रतिष्ठानांनी ३६.६ कोटी, संग्रहालयाने १० कोटी आणि राज्याने ३५ कोटी देण्याचे कबूल केले. राज्याची रक्कम हप्त्यांऐवजी एकदम भरून सुमारे १९.५ कोटींवर आली. हा सगळा पैसा पेन्शन निधीत गेला आणि चित्रे एका स्वतंत्र न्यासाकडे गेली. सामान्य पेन्शनरांची पेन्शन साडेचार टक्क्यांनी कमी झाली आणि दरवर्षीची महागाईवाढ बंद पडली. पोलीस आणि अग्निशामकांची मूळ पेन्शन शाबूत राहिली, वाढ निम्म्याहून खाली आली. निवृत्तांच्या वैद्यकीय खर्चाला मात्र मोठी कात्री लागली. न्यायालयाबाहेर यापेक्षा फार वाईट आकडे बोलले जात होते.

या तडजोडीत पेन्शनरांची अधिकृत समिती होती आणि तिच्या वकिलांचा खर्च शहराने उचलला, ही गोष्ट मी पुन्हापुन्हा सांगत असतो. रोखे विमा कंपन्यांकडे वकिलांची फौज होती. निवृत्त बसचालकाकडे ती नसते. त्याच्या बाजूने जाणता वकील उभा राहिला नसता तर साडेचार टक्क्यांचा आकडा आला नसता. ७ नोव्हेंबर २०१४ रोजी योजना मंजूर झाली : सुमारे ७०० कोटी डॉलरचे देणे पुसले गेले आणि दहा वर्षांत दिवे, पोलीस, पडक्या घरांची विल्हेवाट यांसाठी १७० कोटी बाजूला निघाले. वकील आणि सल्लागारांवर १७ कोटींहून अधिक खर्च झाला, आणि त्याच उन्हाळ्यात थकबाकीपायी हजारो घरांचे नळ तोडले गेले. या दोन्ही गोष्टींचा मला अजून राग येतो. शहर वाचवण्याच्या हिशेबात नळ तोडणे बसते कसे?

इंग्लंडमध्ये असा दिवाळखोरी कायदा नाही. तिथे १९८८ च्या कायद्याच्या कलम ११४ खाली परिषदेचा मुख्य वित्त अधिकारी नोटीस काढतो, नवा खर्च थांबतो आणि गरज पडल्यास सरकार आयुक्त पाठवते. बर्मिंगहॅमने सप्टेंबर २०२३ मध्ये ती काढली. स्त्री कर्मचाऱ्यांच्या समान वेतनाचे जुने दावे हे तिचे एक मोठे कारण होते. वर्षानुवर्षे न दिलेला न्याय एका दिवशी ताळेबंदात कर्ज म्हणून उमटला.

आता आपल्याकडे. भारतात नगरपालिकेसाठी दिवाळखोरीचा कायदा नाही. २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता मुख्यतः कंपन्यांसारख्या मर्यादित दायित्वाच्या संस्थांसाठी आहे. महानगरपालिका तिच्यात बसत नाही. दुसरीकडे, पैसे नाहीत ही सबब चालत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच रतलाम नगरपालिकेच्या प्रसिद्ध खटल्यात सांगून ठेवले. मध्य प्रदेशातल्या त्या गावात उघडी गटारे आणि घाणीने त्रासलेल्या रहिवाशांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली दाद मागितली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा निकाल नागरिकांच्या बाजूने पूर्णपणे योग्य होता. पण कर्तव्य टळत नाही आणि कर्जातून बाहेर पडायची वाटही नाही, अशा कोंडीत आपली गावे तेव्हापासून उभी आहेत.

महाराष्ट्रात या कोंडीचे दृश्य रूप म्हणजे बेलिफ. भूसंपादनाचा वाढीव मोबदला थकला, ठेकेदाराचा लवादाचा निवाडा थकला, की दिवाणी न्यायालयात दरखास्त पडते आणि बेलिफ गाडी, संगणक, क्वचित साहेबांची खुर्ची जप्त करायला येतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. ज्या शेतकऱ्याने जमीन देऊन वीस वर्षे वाट पाहिली, त्याचा त्या खुर्चीवर नक्कीच हक्क आहे. प्रश्न एवढाच, की ज्याची दरखास्त आधी लागली त्याला पैसे मिळतात आणि सफाई कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी तसाच राहतो. रांग लावणारे कोणी नाही.

उत्पन्नाची बाजूही कायद्यानेच घडवली आणि मोडली. नगरपरिषदांची जकात १९९९ साली गेली. महानगरपालिकांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला, १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापारी त्यातून वगळले गेले आणि १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर एलबीटी आणि मुंबईची जकात दोन्ही संपली. त्याच वर्षीच्या राज्याच्या कायद्याने महानगरपालिकांना भरपाई ठरवून दिली, २०१६-१७ च्या उत्पन्नावर दरसाल आठ टक्के वाढ धरून. स्वतःचा कर गेला आणि त्या जागी दर महिन्याच्या हप्त्याची वाट पाहणे आले. घरपट्टी उरली, तर तिथेही नियम चुकीचे लिहिले की पाया खचतो. मुंबईत मोकळ्या जागेचे भांडवली मूल्य ठरवताना भविष्यातील बांधकामक्षमता धरणारे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले. नियम लिहिताना जाणत्या वकिलाचा हात फिरला असता तर पुढची कित्येक वर्षांची अनिश्चितता टळली असती.

आपल्याकडे शहरांना कायद्याची मदत मिळते ती बहुतेक वेळा दावा लागल्यावर. नगरपरिषदेच्या पॅनेलवरचा वकील तुटपुंज्या मानधनात तारीख सांभाळतो. कागद मिळत नाहीत, मुख्याधिकारी बदलून जातात, अपिलाची मुदत टळते. विकास आराखड्यातल्या आरक्षणाचे उदाहरण घ्या. दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देतो आणि आता २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. ती नोटीस आवक-जावक विभागात पडून राहिली म्हणून गावाचे मैदान गेले, असे घडते. हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर) देऊन मालकाची समजूत घालता येते का, एवढे विचारायलाही कोणी नसते.

मला असे सुचवावेसे वाटते, की अमेरिकेचा कायदा जसाच्या तसा आणण्याची घाई करू नये. आपल्याकडे राज्य सरकारच शहराचे पालक, धनको आणि हमीदार आहे; त्या तिन्ही भूमिका वेगळ्या करणे हे पहिले काम. आपल्या राज्यघटनेच्या कलम २४३-आय आणि २४३-वाय खालच्या राज्य वित्त आयोगाने दर पाच वर्षांनी पैशाची वाटणी सुचवायची असते. त्याच घटनात्मक चौकटीत, हप्ते थकलेल्या शहराला मुदतीची स्थगिती मिळेल, सगळे धनको एकाच प्राधिकरणापुढे येतील आणि फेडीची योजना सभागृहच मांडेल, अशी तरतूद विधिमंडळ करू शकते. त्या प्राधिकरणापुढे पेन्शनर, कंत्राटी सफाई कामगार आणि जमीन गेलेले शेतकरी यांना सरकारी खर्चाने वकील मिळावा. आणि त्याआधी, कोणताही नवा कायदा न करता, लहान नगरपरिषदांसाठी जिल्हा पातळीवर एक पूर्णवेळ विधी कक्ष उभा करता येईल : करार सहीपूर्वी वाचणारा, निवाड्यांची आणि नोटिशींची नोंदवही ठेवणारा.

पुढील प्रकरणे दोन्ही देशांचे कायदे शेजारी ठेवून वाचता यावीत अशी लावली आहेत. पहिल्या भागात नवव्या प्रकरणाखालचे महत्त्वाचे खटले आहेत, दुसऱ्या भागात १९४९ चा महानगरपालिका अधिनियम आणि १९६५ चा नगरपरिषद अधिनियम यांतील कर्ज, कर आणि वसुलीची कलमे. ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषदा इथे घेतलेल्या नाहीत, कारण त्यांच्या वीजबिलांचा आणि पाणी योजनांचा प्रश्न स्वतंत्र पुस्तकाएवढा मोठा आहे. नगरसेवकांनी आणि मुख्याधिकाऱ्यांनी दुसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. त्यातले भूसंपादनाच्या थकलेल्या निवाड्यांवरचे प्रकरण मात्र पुढच्या अंदाजपत्रकाच्या सभेआधी वाचावे, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.